कॅन्टीनमधला धूमग्रह

यंदा बंगळूरमध्ये प्रत्येक गणपतीच्या पाठीमागे चंद्र उभा आहे. माणसं खरोखरच तिथं जाऊन आल्यामुळे कुठल्याही मंडळाला दुसरं काही सुचेनासं झालंय. चिकपेटच्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याचा चंद्र, बसस्टँडजवळ कापसाचा चंद्र, आणि आमच्या कॉलनीत चिखलाचा, ज्यावर खड्डे पाडायला मुलांनी घरोघरची इडलीपात्रं पळवली आहेत. चतुर्थीला चंद्र पाहू नये, पाहिला की खोटा आळ येतो, असं ज्यांनी मुलांना सांगितलं त्याच आया आता आरतीचं ताट धरून उभ्या असतात. समोर पाहावं तर गणपती, आणि गणपतीच्या कानामागून डोकावणारा चंद्र. त्यामुळे डोळे मिटून आरती म्हणणारे यंदा फार वाढलेत. बाहेरून येणारे म्हणतात, या कॉलनीत भक्ती भारी.

परवा मंडळाचा नवा चिटणीस माझ्याकडे आला होता. तरुण आहे, दोनच वर्षं झाली त्याला नागपूरहून येऊन.

"काळे, तुम्ही पूर्वी अंतराळावर नाटकं लिहायचात ना?"

"लिहायचो."

"मग एक चंद्रावरचं टाका की. एक राक्षस, एक शास्त्रज्ञ, दोन गाणी. शेवटी राक्षस मरतो. तासाभराचं करा."

"राक्षस मिळत नाही हो आता," मी म्हणालो.

त्याला वाटलं, मी नटाबद्दल बोलतोय. "तुम्हीच करा. मागे झकास केला होतात म्हणतात."

मी दाढदुखीचं निमित्त सांगितलं. तो गेला, आणि नेहमीप्रमाणे पाऊस आला. बंगळूरचा भाद्रपदातला पाऊस संध्याकाळच्या पाळीचा कामगार आहे. दिवसभर त्याचा पत्ता नसतो, चारच्या सुमाराला हजेरी लावतो, दिवेलागणीला हात धुऊन निघून जातो. मागे राहतो तो ओल्या खाकी कपड्यांचा आणि सोनचाफ्याचा एकत्र वास. या वासात मला तिसरा एक वास हटकून येतो, जो आता कुठंच नाही: अमोनियाचा. पासष्ट सालच्या गणपतीत आमच्या नाटकाच्या नेपथ्याला तो वास होता.

आमच्या कारखान्यात काय बनायचं हे बाहेर सांगायची मनाई होती. पुण्याला आईला पत्र लिहिताना मी 'यंत्रं' एवढंच लिहायचो. तिनं आळीभर सांगून ठेवलं होतं की मुलगा शिलाई यंत्रांच्या कारखान्यात आहे, आणि सुट्टीत गेलो की शेजारणी आपापली बिघडलेली मशीन माझ्यासमोर आणून ठेवायच्या. मी ती उघडायचो. इंजिनियरची इज्जत होती. एकही कधी परत चालू झाली नाही.

असा मी दिवसा अपुरा इंजिनियर आणि संध्याकाळी पुरता नाटककार होतो. दर गणपतीला कॅन्टीनच्या शेडमध्ये माझं नाटक व्हायचं, आणि ते अंतराळातच घडायचं, कारण अंतराळात मराठी का बोलतात असं विचारणारं कोणी नसतं. माझ्या डोक्यात ग्रह कितीही असले तरी माणसं दोनच असायची, एक चांगला आणि एक वाईट. चांगला पांढऱ्या कोटात, वाईट काळ्या झग्यात. चांगला शेवटी हिरव्या दिव्याची बंदूक रोखायचा, वाईट हसत हसत मरायचा, टाळ्या पडायच्या, खिरापत वाटली जायची. वाईट मीच असायचो. झगा छत्रीवाल्याकडच्या कापडाचा शिवून घेतला होता. शेड गळायला लागली की प्रेक्षकांपासून शास्त्रज्ञापर्यंत सगळे भिजायचे आणि तेवढा सम्राट कोरडा राहायचा. सत्तेचा मला आलेला अनुभव एवढाच.

त्या वर्षीच्या नाटकाचा ग्रह होता धूमग्रह, आणि सम्राट धूमक. नेपथ्य करायचे नरसिंगण्णा.

नरसिंगण्णा ड्रॉइंग ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन. कॉलनीत न राहता चिकपेटात, मेहुण्याच्या कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेलं, त्यामुळे मराठी आमच्यापेक्षा जुनं आणि त्यात कन्नड मुरलेलं; 'ठीक आहे'ला 'सरी' म्हणायचे. आम्हा पुण्या-मुंबईच्या पोरांना ते उपरे समजायचे, आणि आम्ही त्यांना. गोरे, जाडे, कपाळावर उभं गंध, स्वतःच्या हाताचा भयंकर अभिमान. त्यांनी काढलेल्या रेघेला पट्टी लावून बघितली तर ते दोन दिवस बोलायचे नाहीत.

नाटक मी वाचून दाखवलं तेव्हा ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

"गोष्ट तीच आहे की हो," ते म्हणाले. "मागल्या वर्षी सम्राटाचं नाव दुसरं होतं. चांगला जिंकला, वाईट मेला. सरी. पण हे लोक राहतात कुठं?"

"धूमग्रहावर."

"ते नाव झालं. जागा कुठं आहे? सम्राट येतो तो वरून येतो की खालून? पायऱ्या आहेत का? पावसाचं पाणी कुठून वाहून जातं?"

"अण्णा, तिथं पाऊस पडत नाही."

"का पडत नाही?"

मी वहीत 'पाऊस?' असं लिहून घेतलं. मी शास्त्राचा पदवीधर. त्यांनी शेंगांची टरफलं झटकली. "स्वल्प मला जागा बघू द्या. गोष्ट लोक घरी पोचेपर्यंत विसरतात. जागा विसरत नाहीत."

आणि त्यांनी जागा केली. कॅन्टीनच्या त्या शेडमध्ये, जिथं एरवी सांबाराची बादली ठेवायचे तिथं, महिनाभरात एक ग्रह उभा राहिला. त्याला दोन चंद्र होते, म्हणून प्रत्येक वस्तूच्या दोन सावल्या पडायला हव्यात असा हट्ट धरून त्यांनी दोन बाजूंना दोन दिवे लावले. गटारं काढली. सम्राटाच्या महालाला मागचं दार केलं. नाटकात त्याचा काही उपयोग नव्हता, पण मागचं दार नाही असं घर असतं का, म्हणाले. आणि धूमग्रहाचं जंगल त्यांच्या बायकोनं, रुक्माक्कांनी, चिकपेटच्या स्वयंपाकघरात उगवलं. पत्र्याच्या ताटल्यांत नाचणी पेरून तिच्यावर टोपल्या पालथ्या घातल्या. अंधारात वाढलेली ती नाचणी हिरवी झालीच नाही. पिवळसर, फिकट, लांबट, जरा हात लागला तरी थरथरणारी. जटक्यातून ती जंगलं मांडीवर धरून रुक्माक्का कॅन्टीनला आल्या, तेव्हा घोड्यानं अर्धा एकर वाटेतच खाल्ला होता.

"तम्मा," त्या मला म्हणाल्या. धाकट्या भावाला म्हणतात तसं त्या मला तम्मा म्हणायच्या. "तुमच्या राक्षसाला सांगा, झगा सांभाळून फिरव. माझं रान मोडेल."

आता नेपथ्याच्या कागदांचं सांगायला हवं.

ड्रॉइंगची प्रत काढायची ती अमोनियाच्या वाफेवर. निळ्या-जांभळ्या रेघांचा, दणकट, किंचित उग्र वासाचा कागद. ड्रॉइंग बदललं की जुन्या प्रतींवर 'रद्द' असा शिक्का मारायचा आणि पहारेकऱ्यासमोर फाडून जाळायच्या, हा नियम. पहारेकरी एक-दोन फाडायचा. बाकीच्यांची कोरी बाजू इतकी छान पांढरी असायची की त्यालाही चार मुलं होती. कॉलनीतल्या प्रत्येक घरात त्या कागदांची कव्हरं असलेली पुस्तकं होती, फडताळात तेच अंथरलेले, दिवाळीला फराळाचे डबे त्यातूनच जायचे. रेघांची बाजू आत, कोरी बाहेर. चोरी करतोय असं कोणालाही वाटत नव्हतं. वाया जाऊ दिलं नाही, असं वाटायचं, आणि देशात कागदाची टंचाई होती.

धूमकाच्या यानाच्या भिंती नरसिंगण्णांनी याच कागदांच्या केल्या. फक्त त्यांनी रेघांची बाजू बाहेर ठेवली.

"उलटे लावू या," मी म्हणालो होतो. घाबरून नव्हे, पांढऱ्या भिंतीवर माझा काळा झगा उठून दिसला असता म्हणून.

"एवढं काम केलंय माणसांनी," ते म्हणाले. "उलटं लावायचं म्हणजे माणसाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं. आणि रद्दच आहेत की. शिक्का आहे."

नाटकाच्या संध्याकाळी पडदा वर गेला आणि शेडमधली कुजबुज थांबली. माझी एंट्री व्हायची होती. म्हटलं, माझ्याविना एवढी शांतता कसली. लोक जागा बघत होते. पहिल्या रांगेत जनरल मॅनेजर, त्यांच्या शेजारी सुरक्षा अधिकारी मेजरसाहेब, त्यांच्या मांडीवर त्यांची मुलगी. मी आलो, तीनदा हसलो, दुसऱ्यांदा हसताना मिशी निघाली, तिसऱ्यांदा प्रेक्षक हसले. मेजरसाहेबांनी डोळे पुसल्याचं मला यानातून दिसलं. पण त्या रात्री घरी जाताना मुलं बोलत होती ती दोन सावल्यांबद्दल, आणि ते मागचं दार कुठं जातं याबद्दल.

फोटो काढला होता. सम्राट धूमक राजदंड उगारून उभा, मागे यानाची भिंत, कोपऱ्यात गणपतीची सोंड. वेल्फेअर ऑफिसर सज्जन माणूस; त्याला वाटलं, कर्मचाऱ्यांच्या गुणांचं कौतुक व्हावं. त्यानं तो कारखान्याच्या मासिकात दिला. मोठा छापा, असं मी सुचवलं, कारण त्यात माझं नाक चांगलं आलं होतं. मोठा छापला. मासिकाची एक प्रत नियमाप्रमाणे दिल्लीला गेली.

आणि मध्यंतरी सरहद्दीवर लढाई सुरू झाली होती. कारखान्याच्या काचांना काळे कागद लागले, भोंग्याची तालीम व्हायची, रेडिओभोवती गर्दी. माझा राजदंड ज्या ड्रॉइंगकडे रोखलेला होता त्यावर 'रद्द'चा शिक्का होता, पण तो नेमका झग्याआड गेला होता. दिल्लीत कोणीतरी आपलं काम नीट करत होतं. त्यानं भिंग लावून पाहिलं आणि खाली पत्र पाठवलं: हे कोणी केलं?

मी या प्रश्नावर तोवर आठ नाटकं लिहिली होती. उत्तर सोपं असतं. जो काळ्या झग्यात असतो त्यानं.

मेजरसाहेबांनी मला बोलावलं, कॉफी मागवली, बिस्किटं पुढं केली. त्यांचं हिंदी कूर्गकडच्या वळणाचं, माझं पुणेरी.

"साहेब, नाटक माझं, सम्राट मी," मी सांगून टाकलं. "मलाच धरा."

"कागद तुम्ही लावले?"

"लावले नाहीत. पण त्यांच्यासमोर उभा मी होतो."

"समोर उभं राहणं हा गुन्हा असेल तर फोटोत गणपतीही आहे," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत. "काळे, तुम्ही चांगले आहात. पण तुम्हाला कोणी कट करणारा समजणार नाही. मी लिहिलं तरी."

मी म्हणालो की अशी कव्हरं प्रत्येक घरात आहेत. ते म्हणाले, ठाऊक आहे. त्यांच्या मुलीची पुस्तकं आमच्याच कॉलनीतल्या शाळेत जात होती. "म्हणूनच," ते हळूच म्हणाले. "एक नाव गेलं तर तिथं थांबेल. नाही गेलं तर तीनशे घरं उघडावी लागतील. तुम्ही सांगा, मी काय करू?"

मी पुष्कळदा मनातल्या मनात त्यांच्या खुर्चीत बसून पाहतो आणि प्रत्येक वेळी एकच नाव लिहून उठतो.

नाव मागायची वेळच आली नाही. नरसिंगण्णा स्वतः गेले आणि म्हणाले, मी लावले. आणि कोणी म्हणायच्या आत म्हणाले, सुंदर दिसत होते. हे दुसरं वाक्य कागदावर आलं नाही. आमच्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज गेला. जनरल मॅनेजरांनी त्यावर शिफारस लिहिली. पहारेकऱ्यानं अंगठा दिला आणि रडला. युनियनचे लोक भेटले, वेल्फेअर ऑफिसर दिल्लीला स्वखर्चानं जाऊन आला. जो भेटेल तो चांगलाच वागत होता. चांगुलपणाची एवढी गर्दी मी आयुष्यात पाहिली नाही, आणि त्या गर्दीतून एक माणूस ढकलला जात जात दाराबाहेर गेला. पेन्शन नाही, दाखला नाही, ड्रॉइंगच्या कुठल्याही सरकारी जागेवर पुन्हा नेमणूक नाही.

त्या आठवड्यात कॉलनीतल्या बायकांनी पुस्तकांची कव्हरं उतरवली, फडताळं रिकामी केली आणि सगळं न्हाणीघरातल्या बंबात घातलं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. सकाळी प्रत्येक धुराड्यातून तोच उग्र, निळसर धूर निघत होता. अख्ख्या कॉलनीनं त्या दिवशी कढत पाण्यानं अंघोळ केली. मीसुद्धा केली. पाणी फार छान तापलं होतं.

लोक विचारतात, अंतराळाचं लिहिणं का सोडलंत. माझी विनोदी उत्तरं ठरलेली आहेत. खरं एवढंच की राक्षस ही चैनीची वस्तू आहे हे मला तेव्हा कळलं. राक्षस असला की तिसऱ्या अंकाला अर्थ असतो. तो मरेल, निदान मरू शकेल, अशी वाट पाहता येते. ज्या जगात सगळे आपलं काम नीट करणारे, बायकामुलांवर प्रेम करणारे, कॉफी पाजणारे आहेत, तिथं वाट कशाची पाहायची? त्या जगाला मागचं दार कुठून काढायचं? दूरच्या ताऱ्यांवर दुष्ट सम्राट बसवणारे लेखक मला आता भोळे वाटत नाहीत, गरजवंत वाटतात.

नरसिंगण्णा मेहुण्याच्या दुकानात बसू लागले. गिऱ्हाइकं वारात मागायची, ते मीटरच्या पट्टीनं मोजून द्यायचे. खडूची खूण करताना रेघ जरा वाकडीच ओढायचे, मुद्दाम, असं मला वाटायचं. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. माझ्याकडे आता जन्मभर पुरतील इतके शर्टपीस आहेत.

"कसं चाललंय, अण्णा?"

"सरी," म्हणायचे. "पॉपलिन बघा, चांगलं आलंय."

याहून जास्त बोलणं सहसा व्हायचं नाही.

गेल्या वर्षी गौरीच्या आधी रुक्माक्कांनी मला वर बोलावलं. जिन्यातच थांबवलं, आवाज खाली जाऊ नये म्हणून.

"तम्मा, खरं सांगा. ह्यांचं हे कोणी केलं?"

"अक्का, तसं कोणी..."

"कोणीतरी असतंच की. मला नाव पाहिजे. सकाळी दारात पाणी टाकताना त्याच्या नावानं चार शब्द बोलेन, मोकळी होईन. नाव नाही म्हणून सगळं ह्यांच्यावर निघतं. काल जेवताना म्हटलं, कोणी सांगितलं होतं तुमच्या हातांना. ते ताटावरून उठले."

जिन्यात खालच्या कोऱ्या कापडाच्या खळीचा वास येत होता. मी नाटककार होतो. मला एवढंच येतं.

"बक्षी," मी म्हणालो. "दिल्लीत आहे. फोटो त्यानंच पकडला."

त्यांचा चेहरा सैल झाला. मला हुरूप आला. मी बक्षीला उंच केला, वाळका केला, हातात भिंग दिलं, तोंडात पान दिलं. माझा आजवरचा उत्तम राक्षस. खरा वाटावा म्हणून जाता जाता त्याला खोकला दिला.

पुढं वर्षभर दुकानात गेलो की वरून पाणी टाकल्याचा आवाज आला तरी मला बरं वाटायचं. नरसिंगण्णा एकदा स्वतःहून म्हणाले, "घरात स्वल्प शांत आहे हल्ली." मी हिशेब केला, आठ नाटकांत पहिल्यांदाच माझ्या राक्षसाचा कोणाला तरी उपयोग झाला.

काल गेलो होतो. चिकपेटात पुठ्ठ्याच्या चंद्राखालून वाट काढत. रुक्माक्का जिन्यात गौरीचं सूप पुसत बसल्या होत्या.

"बक्षीचं काय?" मी आपलं गमतीनं विचारलं.

"त्याला शिव्या द्यायचं सोडलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणाला होतात ना, खोकला आहे. दिल्लीत थंडी फार पडते म्हणतात. एक दिवस तोंडात शिवी आली आणि मनात आलं, याला काढा करून देणारं घरात कोणी असेल का. मग पुढं जमेना. त्यालाही वरचा साहेब असेल. पोरगी लग्नाची असेल."

"असेल," मी म्हणालो.

"आहे का?"

"आहे, अक्का."

त्यांनी सूप पालथं घातलं. खाली कोणीतरी दोन वार मागितलं आणि नरसिंगण्णांनी कापड फाडल्याचा आवाज आला, लांबलचक, सरळ.

"मग आता सकाळी काय म्हणता?"

"काय म्हणणार. पाणी टाकते, आत येते."